शेवटच्या पानावरचं तूप

एकदा एका पुऱ्याला मोठं व्हायची घाई झाली.

पुरा म्हणजे राजनगरीच्या वेशीबाहेरची वस्ती. नगरीत माणसं मावेनाशी झाली तेव्हा ती वेशीतून बाहेर सांडली आणि बाजारतळाभोवती जागा मिळेल तिथं बसली. कुंभार आले, गवंडी आले, गाडीवान आले. मग ज्यांना नगरीतला धूर आणि कलकलाट सोसेना असे धनिकही आले. पुऱ्याच्या पूर्वेला मोठं माळरान मोकळं पडलं होतं. राजानं ते पुऱ्याच्या पंचांच्या हवाली केलं आणि सांगितलं, "इथं नवी वस्ती वसवा. कशी वसवायची ते तुम्ही ठरवा."

आता माणसाला 'तुम्ही ठरवा' म्हटलं की तो आधी स्वतःचं ठरवतो. पंच तरी कुठं वेगळे होते?

त्यांनी नियम केला. अंगण, परस आणि गोठा मावेल एवढा तुकडा ज्याला एकदम घेता येईल, त्यानंच माळावर घर बांधावं. त्याहून लहान तुकडा कुणी पाडायचा नाही, कुणी विकायचा नाही. वस्ती कशी ऐसपैस दिसली पाहिजे. बाजारतळाभोवती भाड्याच्या खोपटांत कुंभार, गवंडी, गाडीवान, धुण्याभांड्याच्या बाया राहत होत्या. ती खोपटं मोडून तिथून नवा रस्ता जाणार होता. मग त्यांनी कुठं जायचं? ओढ्यापलीकडं. तिथं खडकाळ जमीन पुष्कळ होती. ओढ्याला पूल नव्हता, पण तो पंचांना रोज थोडाच ओलांडायचा होता.

त्या पुऱ्यात एक वृद्ध मोजणीदार राहत असत. सारे त्यांना आबा म्हणत. उभा जन्म त्यांनी जमिनीवर दोरी टाकण्यात घालवला होता. बोलणं कडू, पण मोजमाप चोख. त्यांच्या हाताखाली केरबा नावाचा शिष्य बरीच वर्षं ही विद्या शिकत होता. आबांचे डोळे आता रेघेला साथ देईनात, म्हणून माळाचा नकाशा पंचांनी केरबाकडून काढून घेतला. केरबाचा हात सफाईदार होता, आणि ते त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

पंचांचे मुख्य म्हणजे धान्याचे एक मोठे व्यापारी. त्यांना सारे नुसतं शेट म्हणत. केरबानं नकाशा त्यांच्यापुढं अंथरला तेव्हा ते खूश झाले.

"वा! रेघ काय, नुसती तलवार आहे! माझं घर कुठं?"

"आमराईला लागून, शेट. सगळ्यात शेवटी. वारा थेट, आणि कुणाचा आवाज नाही."

"शाब्बास." शेटनी आवाज उतरवला. "तुझ्या खोपटावरनं रस्ता जातोय, हे मला दिसतंय. काळजी करू नको. तुझी सोय मी लावतो. माझ्या आवारात एक खोली काढून देईन. फक्त कुणाला बोलू नको."

केरबा तरंगतच घरी आला. घर म्हणजे शेटच्याच गोदामामागचं खोपट. त्याची बायको गोजरा पंगतींचा स्वयंपाक करी. ती विळीवर भोपळा चिरत बसली होती. केरबानं तिला खोलीचं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "आणि शेटचं डोकं फिरेल त्या दिवशी?"

"कशाला फिरेल?"

"ज्याला सोय लावता येते, त्याला उठवायलाही येतं." तिनं भोपळ्याची फोड पातेल्यात टाकली. "मघाशी शेजारची कुंभारीण विचारत होती, केरबाभावजींनी आमची घरं कुठं काढलीत म्हणून. काय सांगू तिला? ओढ्यापलीकडं काढलीत, पण रेघ फार सुंदर आहे, असं सांगू?"

"अगं, मी मोजणीदार. पंच सांगतात ते मी काढतो."

"मग आज भाकरीही पंचांकडंच खा."

ती रागानं बोलली, पण शेवटी भाकरी वाढलीच. केरबानं मात्र ती अर्धी तशीच ठेवली.

सकाळी तो नकाशा घेऊन आबांकडं गेला. आबा ओसरीवर दोरीच्या गाठी तपासत होते. त्यांनी नकाशा गुडघ्यांवर पसरला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. केरबा वाट पाहत राहिला. शाबासकी येते की शिवी, याचा त्याला अंदाज येईना.

"पंगत उद्याच ना?" आबांनी विचारलं.

"हो."

"मांडणी मी करतो. तूप वाढायला तू."

"मी? आबा, मी काय वाढपी आहे?"

"नकाशा तुझा ना? मग तूपही तूच वाढ."

त्या पुऱ्याची एक रीत होती. नव्या वस्तीची दोरी पडण्याआधी तिथल्या जमिनीवर साऱ्या घरधन्यांची पंगत बसायची. पानं मोजणीदारानं मांडायची, आणि तो दाखवेल त्या पानावर निमूट बसायचं. जेवण झालं की पंच नकाशाला होकार देत, आणि दुसऱ्या दिवशी खुंट्या ठोकल्या जात. पंगतीचे बाकीचे नियम सगळीकडं असतात तेच. भातावर तूप पडल्याशिवाय घास उचलायचा नाही. शेवटच्या पानावर तूप पडेपर्यंत पहिल्यानंही थांबायचं. आणि वाढलेलं पान हलवायचं नाही, त्याच्यावरून उठायचं नाही.

पौषातले दिवस होते. माळावर वारा असा सुटला होता की डोक्यावरचं मुंडासं हातानं धरावं लागे. आबांनी पहाटेच दोरी आणि रेघा आखायची पांढरी फक्की घेऊन केरबाला माळावर नेलं आणि नकाशा जसाच्या तसा जमिनीवर उतरवला. जिथं घर, तिथं एक पान. दोन पानांमध्ये एवढं अंतर, की आडवा पडून एखादा माणूस खुशाल झोपला असता. काही ठिकाणी तर बैलजोडीसुद्धा वळली असती. आणि चुली मांडल्या त्या ओढ्यापलीकडं.

गोजरा डोक्यावर पातेलं घेऊन आली ती थबकलीच. "आबा, म्हातारचळ लागला का? विहीर इकडं, माणसं इकडं, आणि चुली तिकडं?"

"स्वयंपाक करणारीचं घर नकाशात तिकडंच आहे, पोरी. पुढं रोज तिथूनच यायचंय तुम्हाला."

गोजरानं केरबाकडं पाहिलं. शेटनी कबूल केलेल्या खोलीची गोष्ट केरबाच्या जिभेवर आली होती. त्यानं ती गिळली. लुगडं वर खोचून ती ओढ्यात उतरली.

दुपारी माणसं जमली. पंचांपैकी वैद्यबुवा मोठे खवय्ये. त्यांनी कपाळाला हात लावला. "आबा, ही पंगत आहे का पेरणी?"

"मोकळी हवा तुम्हालाच पाहिजे होती ना, बुवा? घ्या पोटभर."

आबांनी प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या जागेवर बसवलं. शेटचं पान आमराईपाशी. ते ऐटीत निघाले, वाटेत दम खायला थांबले, आणि पोचले तेव्हा लांबून त्यांचं नुसतं पागोटं दिसत होतं.

वाढप सुरू झालं. वाढपी म्हणजे खोपटांतलेच गाडीवान, गवंडी, कुंभार. गार पाण्यातून पातेली सांभाळत ते अलीकडं येत, माळभर फिरत, पुन्हा पाण्यात उतरत. मीठ पडलं, चटणी पडली, भाजी पडली, आणि भाताच्या मुदी पडल्या. पहिल्या रांगेतल्या भाताची वाफ केव्हाच विरली होती, आमराईकडं अजून मुदी जायच्या होत्या. शेजारच्याशी बोलावं तर ओरडावं लागे. वैद्यबुवांना लिंबाची फोड मिळाली नव्हती, आणि ते कुणाच्या कानापर्यंत पोचवावं हा त्यांना प्रश्न पडला होता.

मग केरबा तुपाचं भांडं घेऊन निघाला. चुलीवरनं उतरलेलं, कढत, पातळ तूप. ओढा ओलांडला तेव्हा त्याच्यावर साय धरली होती. पहिली रांग संपेस्तोवर धार तुटायला लागली. दुसऱ्या रांगेत भांडं वाकडं केलं तरी तूप जागचं हलेना. केरबा पळत मागं गेला, ओढा ओलांडला, गोजरानं भांडं चुलीवर ठेवलं, तूप वितळल्यावर परत दिलं. तो पुन्हा निघाला. ही रेघ काढताना त्याचं बोट तिच्यावरून एका दमात सरकलं होतं. आता तीच रेघ पायांखाली संपता संपेना. पोटऱ्या भरून आल्या, ओल्या पावलांना माळाचे काटे टोचू लागले.

"पळ लेका, पळ!" माणसं ओरडू लागली.

"भात नाही हा, ढेकूळ झालं!"

"अहो शेट, कुठं जाऊन बसलात तिकडं? तुमच्या तुपापायी आम्ही उपाशी!"

शेवटी केरबा आमराईपाशी पोचला. त्यानं भांडं उपडं केलं, बुडाला थाप मारली, आणि शेटच्या गार भातावर थिजलेल्या तुपाचा एक गोळा टप्पकन पडला.

"हे काय वाढतोस? मेण?"

केरबा नुसता धापा टाकत उभा राहिला.

लांबून आबांचा खणखणीत आवाज आला, "मंडळी, सावकाश होऊ द्या!" आणि सारा पुरा गार भात मुकाट्यानं गिळू लागला. उठायची सोय नव्हती.

जेवणं उरकल्यावर आबांनी वाढप्यांना आणि चुलीपाशी राबणाऱ्या बायांना बसवलं. त्यांची पानं मात्र विहिरीपासून जरा हटून, अलीकडंच, एकमेकांशेजारी मांडली, आणि शेजारीच चूल पेटवून पातेली तिथं आणवली. गोजरानं भात उकरला तसा वाफेचा लोट उठला. केरबा तूप घेऊन निघाला तो धार न तोडता शेवटच्या पानापर्यंत गेला. कुंभारणीनं कसलीतरी थट्टा केली आणि ती तोंडातोंडानं सगळ्या रांगेला कळली. वैद्यबुवा बाजूला उभे राहून हे पाहत होते.

"आबा," ते हळूच म्हणाले, "मध्ये एखादं पान टाकता येईल का? माझं पोट अर्धंच आहे."

"या की बुवा," कुंभारीण म्हणाली, "माझ्या शेजारी आहे जागा." आणि तिथं बुवांचं पान मांडलं गेलं.

एवढ्यात शेट आमराईकडनं तणतणत आले. "आबा! मानाच्या पंगतीचा तमाशा मांडलात! चार लोकांत आम्हाला थंड भात घातलात!"

आबा विहिरीच्या कठड्यावर टेकले. "मी काय केलं, शेट? तुमचा नकाशा अंथरला. एक काडी इकडची तिकडं केली नाही. स्वयंपाकीण तीच, हात तेच, तूप तेच. मग भात थिजला कशानं? अंतरानं थिजला. प्रत्येकानं आपल्या पानाभोवती जागा ओढून घेतली आणि वाढणाऱ्याला ओढ्यापलीकडं धाडलं. उद्या तुमच्या घरची सुईण तिकडनं यायची, पाणक्या तिकडनं यायचा, गवंडी तिकडनं. पावसाळ्यात तर यायचेच नाहीत. त्यांची ही सगळी पायपीट शेवटी तुमच्याच पानात पडायची. आणि वाढलेलं पान हलवता येत नाही, एवढं ध्यानात घ्या. आज गार भात गिळून सुटलात. घरं उभी राहिल्यावर कुठं जाल?"

"म्हणजे माणसं कोंबायची?" शेटचा आवाज चढला. "नगरीत आम्ही तेच बघितलंय. घराला घर लागलेलं, गटारं तुंबलेली. माझा थोरला भाऊ पटकीत गेला तिथं. ते इथं पुन्हा नको, एवढंच मी म्हणतो."

हे बोलणं खोटं नव्हतं. वैद्यबुवांनीही जेवता जेवता मान हलवली. आबांचा स्वर जरा खाली आला.

"कोंबा असं मी म्हणतच नाही. ती पंगत बघा. मांडी घालून ऐसपैस बसलेत. कोपर कोपराला लागत नाही. दोन रांगांत वाढप्याला वाट आहे, पाण्यापाशी कुणाला बसू दिलेलं नाही. जवळ बसणं निराळं आणि चेंगरणं निराळं, मोजणीदाराला तरी हे कळायला पाहिजे." त्यांनी केरबाकडं पाहिलं. "लहान पान मोठ्या पानाशेजारी मांडा, दर रांगेत मांडा. सगळी लहान पानं एका कोपऱ्यात ढकललीत तर वाढपी तिथं शेवटी पोचतो, आणि तोवर भांडं खरवडलेलं असतं. आणि त्यातली काही जागा पुऱ्याच्याच नावावर राहू द्या. झेपेल एवढं भुईभाडं घ्या आणि राहू द्या माणसांना. विकू मात्र नका. विकलीत की सगळ्या एकाच्याच परसात जाऊन पडतील. कुणाच्या, ते मी बोलत नाही."

सगळ्यांनी शेटकडं पाहिलं. शेटच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे बघा, नकाशा ठरला तो ठरला," ते म्हणाले. "पंचांनी नियम केलाय. केरबा, उद्या सकाळी दोरी टाक."

पंच एकमेकांकडं पाहू लागले, पण शेटपुढं बोलायला कुणी धजेना. दोरी पडली की पडली, मग काही करता येणार नव्हतं.

केरबाच्या हातात अजून तुपाचं भांडं होतं. नुसतं 'बरं' म्हटलं तर गोजराच्या डोक्यावर छप्पर राहणार होतं. कुंभारणीच्या डोक्यावरचं जाणार होतं, आणि ज्यांच्या पानांवर त्यानं आत्ताच तूप वाढलं त्या साऱ्यांचं. गोजरा त्याच्याकडं पाहत नव्हती. ती भात उकरत होती. त्यानं भांडं खाली ठेवलं.

"मी टाकणार नाही, शेट."

"काय म्हणालास?"

"हा नकाशा चुकलाय. मी काढला, पण चुकलाय. ह्याची दोरी माझ्या हातानं पडणार नाही."

शेट जवळ आले. "विसरलास काय मी काय कबूल केलंय ते?"

"नाही विसरलो." केरबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तुमच्या आवारात मला खोली काढून देणार होतात. ती नको मला."

वैद्यबुवांचा घास हातातच राहिला. "खोली? एवढीशी खोली? अहो शेट, लहान तुकडा कुणी पाडायचा नाही, हा नियम तुम्हीच घातलात ना?"

"तुम्ही जेवा गप!" शेट गरजले आणि केरबाकडं वळले. "मोजणीदार काय तू एकटाच आहेस? नगरीतून दुसरा आणीन!"

"आणा की," केरबा म्हणाला. "ह्या नकाशात त्याचं घर कुठं?"

शेटची नजर मोठमोठ्या मोकळ्या तुकड्यांवरून फिरत ओढ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

कुंभारीण आधी हसली. मग रांग हसली, मग पंचांतलं कुणीतरी हसलं, आणि वैद्यबुवांना तर ठसका लागला. केरबा हसला नाही. तो उत्तराची वाट पाहत तसाच उभा राहिला, आणि त्याला तसं उभं पाहून हसणं हळूहळू थांबलं. आता सारेच शेटच्या उत्तराची वाट पाहू लागले.

शेट खाली बसले. मग म्हणाले, "आमराई मात्र मी सोडणार नाही."

"सोडू नका," आबा म्हणाले. "तुम्हाला शेजार मिळेल, एवढंच."

त्या दिवशी पंचांनी नकाशाला होकार दिला नाही. लहान तुकड्यांची बंदी उठली. दर रांगेत काही जागा पुऱ्याच्या मालकीच्या राहतील आणि त्या विकता येणार नाहीत, असं ठरलं. बाजारतळावरून जाणारा रस्ता वळवायचं ठरलं, आणि माळावर घरं उभी राहीपर्यंत एकही खोपट मोडायचं नाही असंही ठरलं. सगळे काही आनंदानं तयार झाले नाहीत. दोघेतिघे कुरकुरत घरी गेले आणि पुढं कितीतरी दिवस कुरकुरतच राहिले. कुरकुर करणाऱ्यांनाही त्या वस्तीत जागा मिळाली.

उन्हं उतरल्यावर गुरुशिष्य माळावर दोऱ्या गुंडाळत होते. फक्कीच्या जुन्या रेघा वाऱ्यानं पुसट झाल्या होत्या.

"आबा," केरबा म्हणाला, "तुम्हाला तर नकाशा बघितल्या बघितल्याच कळलं होतं. तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगून बघितलंय मी जन्मभर. लोक मान डोलावतात आणि घरी जातात." आबांनी गाठ आवळली. "पाय दुखतायत का?"

"फार दुखतायत."

"मग आता सांगायचं काही राहिलं नाही."

केरबानं दोरीचं टोक उचललं, आबांच्या हातात दिलं, आणि दुसरं टोक घेऊन तो नव्या रेघेच्या दिशेनं चालू लागला.

आज ज्यांच्या हाती गावांचे आणि शहरांचे नकाशे आहेत, त्यांनी सही करण्याआधी त्यातल्या सगळ्यात लांब रेघेवरून एकदा चालून यावं. आणि जाताना दुसऱ्या कुणासाठी तरी हातात काहीतरी गरम घेऊन जावं.